प्रश्न परसबागेचे : तुरट पर्सिमन, पोचट पेकान

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या टेक्सास-जॉर्जियाकडच्या वाचकांची पत्रं या दोन झाडांभोवतीच फिरतात : पर्सिमन, म्हणजे टेंभराच्या कुळातलं केशरी फळ, आणि पेकान, म्हणजे अक्रोडासारखं टरफलातलं फळ. त्यातले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : घर घेतलं तेव्हापासून मागच्या अंगणात पर्सिमन आहे. फळं छान केशरी होतात, पण एक घास घेतला की घशाला तोठरा बसतो. शेजारी त्यांच्या झाडाची फळं टणक असतानाच कापून खातात. आमचं झाड बिघडलंय का? (ह्यूस्टन)

झाड ठणठणीत आहे, जात वेगळी आहे. शेजाऱ्यांकडे बसक्या, चपट्या फळाची फुयू असणार. तुमचं फळ खाली निमुळतं होत असेल तर ती हाचिया. तिच्या कच्च्या गरात विरघळणारं टॅनिन भरपूर असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड आवळून येतं. विदर्भातली कच्ची टेंभरं ज्यांनी चाखली आहेत त्यांना हे सांगायला नको. टेंभुर्णी आणि पर्सिमन एकाच कुळातली, एकाच प्रजातीगटातली झाडं आहेत.

हाचियाच्या बाबतीत रंगावर जाऊ नका, बोटांवर विश्वास ठेवा. फळ सगळीकडून लिबलिबीत लागलं पाहिजे; देठाशी जरी घट्टपणा राहिला तरी तेवढा भाग तुरट लागेल. झाडावर पिकायची वाट पाहिलीत तर पक्षी आणि ऑपोसम (तिकडचा मांजराएवढा, रात्री फिरणारा प्राणी) आधी पोचतात. पूर्ण रंग चढला की टणक असतानाच कात्रीनं काढा आणि देठाची चार पाकळ्यांची टोपी फळालाच राहू द्या. ओढून तोडलं की टोपी सुटते आणि त्या जखमेतून बुरशी शिरते. घरात टोपी खाली करून एकाच थरात मांडा. घाई असेल तर पिकलेल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवा; केळ्यातून सुटणाऱ्या इथिलीन या फळ पिकवणाऱ्या वायूनं चार-सहा दिवसांत काम होतं.

कच्ची फळं रिकाम्या पोटी भरपूर खाऊ नयेत. टॅनिनचा पोटात गोळा बसू शकतो. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर मुळीच नको.

प्रश्न : अगदी मऊ, गोड झालेल्या हाचियाचा गर शिऱ्यात घातला आणि अख्खा शिरा तुरट झाला. असं कसं? (डॅलस)

पिकताना टॅनिन नाहीसं होत नाही. त्याचे रेणू एकमेकांत बांधले जाऊन विरघळेनासे होतात, म्हणून जिभेला कळत नाहीत, इतकंच. आच लागली की त्यातलं काही पुन्हा सुटतं. तेव्हा शिऱ्यात हा गर शिजवायचा नाही. शिरा नेहमीसारखा करून खाली उतरवा, कोमट झाला की गर मिसळा आणि साखर निम्म्यावर आणा. गर चक्क्यात घातला तर प्रश्नच उरत नाही, तिथे आच नाही. केक करायचाच असेल तर एक कप गराला एक चमचा खाण्याचा सोडा घालून पाच मिनिटं ठेवा. गर थलथलीत घट्ट होतो आणि तुरटपणा बराच मावळतो. शिजवायच्या इतर पदार्थांना फुयू वापरा.

गर जास्त झाला तर एक-एक कपाच्या पिशव्या भरून फ्रीझरमध्ये टाका. वाळवायचं असेल तर फुयूच्या पाव इंची चकत्या डीहायड्रेटरमध्ये ५७ अंश सेल्सिअसला, चिवट होईपर्यंत. जपानी पद्धतीनं सोलून दोरीला टांगलेली अख्खी हाचिया उत्तम लागते, पण तिला चार ते सहा आठवडे थंड, कोरडी हवा हवी. ह्यूस्टनच्या दमट नोव्हेंबरात ती बुरसते.

प्रश्न : दर हिवाळ्यात फुयूची सगळी टोकं छाटतो. झाड डेरेदार आहे, फळ मात्र नाही. (ऑस्टिन)

फळच छाटताय. पर्सिमनला फूल नव्या फुटीवर येतं, आणि ती फूट गेल्या वर्षीच्या काडीच्या टोकाकडच्या डोळ्यांतून निघते. मेलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडातून काढा, टोकांना हात लावू नका. लॉनला घालता ते नत्राचं खतही झाडापासून लांब ठेवा, नाहीतर पाला माजतो आणि धरलेली फळं गळतात.

प्रश्न : जुन्या पेकानला गेल्या वर्षी फांद्या वाकतील इतकं फळ होतं. बाहेरून टपोरं, आत पोचट. कीड का? (फोर्ट वर्थ)

टरफलाला गोल, स्वच्छ भोक असेल तर कीड : आतला मगज खाऊन भुंग्याची अळी बाहेर पडली. मगज भरलेला असून त्यावर काळे, कडू डाग असतील तर ढेकण्या या रस शोषणाऱ्या किड्यानं सोंड खुपसली. पण नुसतं पोचट असेल तर बहुतेक पाणी कमी पडलं. टरफलाचा आकार उन्हाळ्यात ठरतो. मगज भरतो तो ऑगस्टच्या मध्यापासून पुढे. जुलैपर्यंत पाऊस चांगला आणि नंतर कोरड पडली तर हेच होणार. त्या दिवसांत फांद्यांच्या घेराखाली आठवड्याला एक ते दोन इंच पाणी द्या, खोडाशी नव्हे. शिवाय झाडाला इतका भार पेलत नाही. हापूससारखंच हेही आड वर्षी धरतं, तेव्हा यंदा फळ कमी दिसलं तर घाबरू नका. जे येईल ते चांगलं भरेल.

वसंतात पानं बारीक, पिवळट आणि शेंड्याला झुबक्यात दिसतात का, तेही पाहा. ही जस्ताची कमतरता. तुमच्याकडच्या चुनखडीच्या मातीत टाकलेलं जस्त तिथेच अडकतं, म्हणून ते पानांवर फवारावं लागतं : एप्रिलमध्ये पालवी फुटताच सुरू करून जूनपर्यंत, दर दोन आठवड्यांनी, प्रमाण डब्यावरचं. चाळीस फुटी झाडावर घरचा पंप पोचत नाही. तिथे माणूस बोलवा.

प्रश्न : वेचलेले पेकान महिन्याभरात खवट झाले. फोडताना चुराही फार होतो. (अटलांटा)

हिरवी साल उकलली की लगेच वेचा. ओल्या जमिनीवर मगज काळा पडतो. कांद्याच्या जाळीदार पिशवीत भरून पंख्याखाली दोन आठवडे टांगा. ओव्हन नको. मगज वाकवल्यावर कट्कन तुटला की वाळला. लवचिक राहिला तर अजून ओला आहे. पेकानमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास तेल असतं, त्यामुळे साध्या तापमानाला तो खवटणारच. हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये दोन वर्षंही टिकतो. साध्या पिशवीत मात्र ठेवू नका. हे तेल शेजारच्या हिंगाचा, लसणाचा वास सहज ओढून घेतं.

फोडण्याआधी उकळतं पाणी ओतून पंधरा मिनिटं झाका, मग निथळा. मगज किंचित लवचिक होतो. अडकित्त्यासारखा आडवा दाब देऊ नका; दोन टोकांमध्ये धरून दाबा, म्हणजे अर्धुकं अखंड निघतात. खाचांतले तपकिरी पडदे टोकरून काढा, कडूपणा त्यांचाच. शेवटी रात्रभर पसरून पुन्हा वाळवा आणि मगच डबा भरा.

प्रश्न : मुलीकडून पेकानचं बी आणलं तर पुण्यात येईल का? (पुणे)

झाड येईलही, फळाची आशा धरू नका. त्याला हवी तेवढी थंडी पुण्यात पडत नाही. शिवाय पेरायचं बी आणायला आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पर्सिमन खायचंच असेल तर ते कुलूकडे पिकतं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोठ्या फळवाल्यांकडे मिळतं. घेताना चपटं आहे की निमुळतं, तेवढं पाहा.