फोर्ड मॉडेल ए चे ब्रेक दाबले की गाडी डावीकडे ओढते, उजवीकडचा रॉड आखूड करू का?

नका करू, आधी चाकापाशी अ‍ॅडजस्ट करा. या गाडीत (१९२८ ते १९३१) हायड्रॉलिक काही नाही, पेडलपासून ड्रमपर्यंत सगळे रॉड आणि लिव्हर, त्यामुळे रॉड आखूड केला की लिव्हर मूळ जागेवरून सरकून बसतो, शूज (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे भाग) थोडे उघडेच राहतात आणि पायाचा जोरही नीट पोचत नाही. चारही चाकं उचला (स्टँड लावूनच!), हँडब्रेक सोडा, बॅकिंग प्लेटवरचा (ड्रममागची न फिरणारी तबकडी) चौकोनी डोक्याचा अ‍ॅडजस्टर चाक घासेपर्यंत आवळा, मग एखाद-दोन क्लिक मागे, चाक मोकळं फिरेल इतकं. नंतर कुणालातरी पेडल हळूहळू दाबायला सांगून एकेक चाक हाताने फिरवून बघा, डावी-उजवीकडे पकड सारखीच हवी आणि मागची चाकं पुढच्यांच्या किंचित आधी धरायला हवीत. रॉडच्या पिना झिजल्या असतील तर त्या आधी बदला, पेडलचा बराच प्रवास तिथेच वाया जातो. मात्र ड्रम ओव्हल झाला असेल किंवा उजव्या लायनिंगवर (शूजवरचा घासणारा थर) ग्रीस उतरलं असेल तर अ‍ॅडजस्ट करून काही होणार नाही, ड्रम काढावाच लागेल, आणि जुन्या लायनिंगमध्ये बहुतेक अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्यामुळे धूळ हवेने अजिबात उडवू नका, ओल्या फडक्यानेच पुसा.