सिस्टरांचे प्रश्न : एजंटचे साडेचार लाख आणि नावाचा घोळ

प्रश्न : ताई नमस्कार. मी हडपसरला राहते, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या आयसीयूत चार वर्षं आहे. डेक्कनला एका ऑफिसमधे चौकशी केली तर ते म्हणाले साडेचार लाख भरा, यूकेला केअर व्हिसावर पाठवतो, तिकडे गेलं की नर्स आपोआप होता येतं, आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं आजच जमा करा. मिस्टर म्हणतात सोनं ठेवून लोन काढू, सासूबाई नको म्हणतायत. काय करू?

उत्तर : सासूबाईंचं ऐका! २२ जुलै २०२५ पासून यूकेने केअर वर्करची बाहेरच्या देशातून नवीन भरती बंद केलीये, म्हणजे तो माणूस जे विकतोय ते त्याच्या दुकानात नाहीच्चे. आणि आपोआप नर्स वगैरे काही होत नाही हो, केअर वर्कर (म्हाताऱ्या, आजारी माणसांची देखभाल करणारा) वेगळा आणि नर्स वेगळी. नर्स म्हणून जायचं तर तिकडच्या एनएमसीचं, म्हणजे नर्सिंग कौन्सिलचं, रजिस्ट्रेशन लागतं, त्यासाठी आयइएलटीएस अकॅडेमिक या इंग्रजीच्या परीक्षेला रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगमधे ७ आणि रायटिंगमधे ६.५, मग सीबीटी ही नर्सिंगची परीक्षा जी इथे भारतातच कॉम्प्युटरवर देता येते, आणि शेवटी ओस्की म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, ती मात्र तिकडे जाऊनच. शिवाय यूकेच्या भरतीच्या नियमातच आहे की उमेदवाराकडून नोकरी लावायची फी घ्यायची नाही. घेतोय म्हणजे काय ते समजा. फक्त एक सांगते, २०२४ पासून तिकडची बाहेरून होणारी भरती बरीच कमी झालीये, त्यामुळे सगळा भरवसा यूकेवर ठेवू नका.

माझं मत विचाराल तर पुण्यात राहून जर्मनीचा विचार नक्की करा. बोट क्लब रोडला मॅक्समुल्लर भवन आहे, एफसी रोडला रानडे इन्स्टिट्यूट आहे, दोन्हीकडे जर्मन शिकवतात. रजिस्टर्ड नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण बी२ लेव्हल (भाषेच्या सहा पायऱ्यांमधली चौथी) लागते आणि नाइट ड्यूट्या सांभाळून तिथवर पोचायला वर्ष-दीड वर्ष जातंच, कोणी सहा महिन्यात म्हणालं तर हसून सोडून द्या. तिकडे तुमचा कोर्स त्यांच्या कोर्सशी ताडून बघतात, जे कमी पडतं त्यासाठी अॅडॅप्टेशन कोर्स नाहीतर परीक्षा, आणि तोवर असिस्टंटच्या पगारावर काम. काही एजन्सी भाषा फुकट शिकवतात, पण मधेच सोडलं तर किती पैसे परत द्यायचे ते कॉन्ट्रॅक्टमधे बारीक अक्षरात असतं, ते आधी वाचा.

आता खरं सांगू का, देश कुठलाही असो, आपल्याकडच्या मुलींचं घोडं अडतं ते नावात. जीएनएमच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, त्यात मधे वडलांचं, पासपोर्टवर सासरचं नाव आणि मधे नवऱ्याचं, काही जणींचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर आणखी तिसरंच काहीतरी. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही पण परदेशातल्या माणसाला या तीन वेगळ्या बायका दिसतात. म्हणून मॅरेज सर्टिफिकेट काढून ठेवा, पहिलं नाव बदललं असेल तर सरकारी गॅझेटमधे तशी नोंद करा, आणि कौन्सिलकडे नाव अपडेट करून घ्या, तिथलं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं असतं तेही बघा चालू आहे का. दुसरं म्हणजे एक्सपिरियन्स लेटर. गल्फच्या बहुतेक ठिकाणी डेटाफ्लो नावाची कंपनी थेट तुमच्या हॉस्पिटलला आणि कॉलेजला विचारते की ही बाई तुमच्याकडे होती का, तर लेटरवरच्या तारखा, पद, सही हे सगळं एचआरच्या रेकॉर्डशी जुळलंच पाहिजे. आधी एखाद्या छोट्या नर्सिंग होममधे काम केलं असेल आणि ते बंद पडलं असेल तर तो अनुभव दाखवणं अवघड जातं, तेव्हा नोकरी सोडतानाच लेटर घ्यायचं, नंतर बघू म्हणायचं नाही.

आणि ओरिजिनल कोणाच्याही ताब्यात द्यायची नाहीत. झेरॉक्स द्या, स्कॅन द्या.

प्रश्न : मी ब्रदर आहे, बीएस्सी नर्सिंग, पिंपरीत जॉब. आयइएलटीएसला रायटिंगमधे सारखे ६ येतात, बाकी सगळं ७ च्या वर. सोडून देऊ का? अमेरिका कशी?

उत्तर : सोडू कशाला! ओईटी द्या, ती हॉस्पिटलच्या क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा. त्यात रायटिंग म्हणजे पेशंटबद्दलचं पत्र असतं, रेफरल किंवा डिस्चार्जचं, जे तुम्हाला निबंधापेक्षा जवळचं वाटेल, एनएमसीला त्यात सी प्लस चालतो आणि बाकी तिन्हीत बी. आणि आयइएलटीएसच द्यायची असेल तर एनएमसी एका वर्षातल्या दोन सिटिंगचे मार्क जोडून धरते, तुमचे ६ त्यात बसतात, म्हणजे पुढच्या वेळी रायटिंगला ६.५ आणले आणि बाकी तिन्हीत ६.५ च्या खाली गेला नाहीत तर काम झालं. अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही तिकडची नर्सच्या लायसन्सची परीक्षा भारतातही देता येते, पण पास झालात तरी आपल्या लोकांना ग्रीन कार्डच्या रांगेत कित्येक वर्षं थांबावं लागतं. परीक्षा देऊन ठेवा, वाट बघत बसू नका.

प्रश्न : सौदीची ऑफर आहे. एजंट म्हणतो तुम्ही शिकलेले, पासपोर्टवर ईसीआर (कामाला जायला सरकारी क्लिअरन्स लागतो असा शेरा) नाही, तर व्हिजिट व्हिसावर जा, सरकारी क्लिअरन्स लागत नाही. खरं का?

उत्तर : साफ खोटं. दहावी पासला इमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही हे बरोबर, पण नर्सना २०१५ पासून सूट नाही, सौदी, कुवेत, यूएई धरून ज्या १८ देशांसाठी हा क्लिअरन्स लागतो तिथे ईमायग्रेट या सरकारी पोर्टलमधूनच जावं लागतं, पासपोर्ट कसाही असो. हा नियम का आला माहितीये? त्याच सुमारास केरळमधे कुवेतच्या नोकरीसाठी १९,५०० रुपये घ्यायच्या ऐवजी नर्सेसकडून १९.५ लाख घेतल्याची केस सीबीआयने केली होती. आज लायसन्सवाल्या एजंटला जास्तीत जास्त ३० हजार आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. त्याचा लायसन्स नंबर मागा आणि ईमायग्रेटच्या साइटवर टाकून बघा, चालू आहे का रद्द ते तिथेच कळतं. क्लिअरन्समधून गेलात तर प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमाही निघतो, दोन वर्षांचे २७५ रुपये फक्त. व्हिजिट व्हिसावर गेलात तर यातलं काहीच नाही, आणि तिकडे पगार थांबला तर तक्रार करायला तुमच्याकडे कागदही नसेल.