जुना संगणक नव्याला दिसत नाही

प्रश्न : जुळे सोलापुरातील आमच्या घरी चादरींच्या नक्षीच्या फाइल विंडोज एक्सपीच्या जुन्या संगणकावर आहेत. विंडोज ११ चा नवा संगणक त्याच राउटरला जोडूनही त्यावरील सामायिक फोल्डर उघडत नाही. काय करावे?

उत्तर : दोष बहुधा तारेत नसून बोलीत आहे. एक्सपीला फाइलींच्या देवाणघेवाणीची एसएमबी १ ही एकच जुनी पद्धत येते आणि २०१७ च्या अखेरीपासून मायक्रोसॉफ्ट ती नव्या विंडोजमध्ये सहसा बसवून देत नाही. ‘विंडोज फीचर्स’मधून ती सुरू करता येते, परंतु मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच पद्धतीतील त्रुटीतून जगभर पसरला असल्याने तसा सल्ला मी देणार नाही. फाइल पेनड्राइव्हने, आधी व्हायरस तपासून, नव्या संगणकावर आणाव्यात आणि एक्सपीची राउटरची जोडणी काढून टाकावी.