भारताच्या अर्थव्यवस्थेची वाढ मंदावली, तर नवी वाढ आणायची कुठून?

सेमीकंडक्टर (म्हणजे चिप) आणि एआय सोडून वाढीला दुसरी काही जागा उरली आहे का, असा प्रश्न पडतो. माझ्या मते सगळ्यात मोठी जागा शिलाई मशीनवर आहे.

देशातले जवळपास ४६ टक्के कामकरी शेतीत आहेत आणि शेतीचा उत्पन्नातला वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. इतके हात थोड्या उत्पन्नात अडकलेत. चिपचा कारखाना जरूर यावा, पण दहावी झालेल्या खेड्यातल्या मुलीला तिथे कोण घेणार? तिला काही आठवड्यांत शिकता येईल असं, महिन्याला बँकेत पगार जमा होणारं काम हवं.

मी इचलकरंजीचा, घरी खर्चीवाले माग, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून द्यायचं. आमच्याकडे एक कामगार सहा-आठ साधे माग एकटा सांभाळतो. तयार झालेलं ग्रे (कोरं, न रंगवलेलं) कापड प्रोसेसिंगला, म्हणजे धुलाई-रंगाईला, राजस्थानात पाली, बालोतरा किंवा अहमदाबादला जातं आणि शर्ट शिवला जातो तो आणखी तिसरीकडेच. खरा रोजगार मागानंतर सुरू होतो. कॉलर एक बाई शिवते, कफ दुसरी, योक (खांद्यावरची पट्टी) तिसरी. बाही, काज, बटण, इस्त्री, तपासणी, प्रत्येकाला वेगळे हात. म्हणजे कापूस विदर्भात, माग आमच्या दारात, आणि सगळ्यात जास्त माणसं लागणारं काम मात्र दुसऱ्याच्या गावात.

बांगलादेशाकडे बघा. कापूस जवळजवळ सगळा आयात. १९७९ मध्ये तिथल्या ‘देश गारमेंट्स’ या कंपनीने १३० माणसं दक्षिण कोरियात देवू कंपनीकडे शिकायला पाठवली. परतल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांचे उभे करून दिले. सरकारने दोन सोयी दिल्या: निर्यातीसाठी लागणारं कापड शुल्क न भरता आणायचं, आणि परदेशी ग्राहकाच्या एलसीवर (त्याच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीपत्रावर) त्या कापडाची उधारी मिळवायची. युरोपची शुल्कमाफीही मिळाली, ते नाकारून चालणार नाही. आज त्यांची तयार कपड्यांची निर्यात वर्षाला सुमारे ३९ अब्ज डॉलर, आपली १६ च्या आसपास.

आपल्याला काय करावं लागेल? जगात पॉलिस्टर-व्हिस्कोसच्या कपड्यांना मागणी वाढतेय, तेव्हा तो धागा कारखानदाराला जागतिक भावात मिळाला पाहिजे. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये करार झालाय, त्यात आपल्या कपड्यांवरचं शुल्क जातं. पण माल वेळेवर गेला तरच त्याचा उपयोग. प्रोसेस हाऊस इथेच हवीत, आणि सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणारी हवीत, कारण पंचगंगेत आणखी घाण सोडायला आता जागा नाही.

आणि कारखान्याला लागून मुलींसाठी वसतिगृह हवं. यावर मी अडून बसेन. राहायची सुरक्षित सोय नसेल तर आईबाप मुलीला दुसऱ्या तालुक्यात पाठवत नाहीत, पगार कितीही असो. यंत्रांना अनुदान द्यायच्या योजना आपल्याकडे वर्षानुवर्षं चालल्यात. त्यातला काही पैसा आधी या वसतिगृहांकडे वळवा.