दुसरी व्हीएमसी घ्यावी का? हप्त्याआधी तास मोजा

वाचकाचा प्रश्न: भोसरी एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. एक व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, धातू कापणारं संगणकनियंत्रित मशीन), दोन टर्निंग सेंटर (संगणकनियंत्रित लेथ), सात कामगार. महिन्याचं बिलिंग साडेसहा लाख, त्यातलं 70 टक्के एकाच ग्राहकाचं. त्यांनी हाउसिंगचं (यंत्राच्या बाहेरच्या कवचाचं) काम दुप्पट देऊ असं तोंडी सांगितलंय. नवी व्हीएमसी 34 लाख अधिक जीएसटी. बँक मूळ किमतीच्या 75 टक्के कर्ज 10.5 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी देते, पण घर तारण मागते. उरलेल्या पैशांसाठी मुलीच्या शिक्षणाची 15 लाखांची एफडी मोडायचा विचार आहे. ग्राहक पैसे 75 दिवसांनी देतो. घेऊ का?

उत्तर: मशीन घ्या. काम चालून येतंय, माणसं हाताशी आहेत, जागा आहे. अशा वेळी हातपाय आखडून बसण्यात शहाणपण नाही. मात्र तुम्ही मांडलेल्या पद्धतीने घेऊ नका. तुमचा अंदाज मशीनच्या कमाईबद्दल चुकलेला नाही, रोख पैसा कधी जातो आणि कधी येतो इथे तो चुकलाय.

आधी खरी किंमत पाहू. 34 लाखांवर 18 टक्के जीएसटी 6.12 लाख, एकूण 40.12 लाख. बँकेचे 25.5 लाख वजा जाता तुमच्या खिशातून 14.62 लाख. एफडी इथेच संपली. बीटी-40 टूल होल्डर (कापायचं हत्यार धरणारे), व्हाइस आणि फिक्स्चर (नग पकडून ठेवणारी साधनं), स्टॅबिलायझर, केबल, फाउंडेशन आणि महावितरणकडे वाढीव लोड धरून आणखी साडेतीन लाख ठेवा. ते तुमच्या हिशोबात नाहीतच.

मशीन आल्यावरचे पहिले चार महिनेही तुम्ही धरलेले नाहीत. बसवणं, सॅम्पल मंजूर होणं यात एक महिना जातो. मग पहिलं बिल, आणि त्याचे पैसे 75 दिवसांनी. तोवर चार हप्ते (54,800 प्रमाणे जवळपास 2.2 लाख), तीन महिन्यांचे दोन ऑपरेटरचे पगार 1.3 लाख, इन्सर्ट (हत्याराची बदलायची पाती) आणि वीज मिळून आणखी 90 हजार. म्हणजे मशीन पैसे आणायला लागण्याआधी साधारण साडेचार लाख बाहेर जातात. भोसरीत वर्कशॉप बंद पडतात ती काम नसल्यामुळेच असं नाही. काम हातात असताना 7 तारखेला पगाराला पैसे नाहीत म्हणूनही पडतात.

आता तास. तुमचा दर तासाला 450 रुपये धरतो. दोन शिफ्ट, महिन्याचे 25 दिवस म्हणजे 400 तास. प्रत्यक्षात बिल होतात त्यातले 65 ते 70 टक्के, 270 धरू. प्रत्येक तासाला वीज साधारण 55 रुपये, इन्सर्ट आणि ड्रिल 60 रुपये. हाती उरतात 335. दर महिन्याचा ठरलेला खर्च असा: हप्ता 54,800, दोन ऑपरेटर 44,000, देखभाल आणि कूलंट 8,000. एकूण 1,06,800. त्याला 335 ने भागा, 319 तास येतात. तेवढे तास बिल झाले तर बरोबरी, आणि आपण धरलेत 270. दर महिन्याला सोळा हजारांची तूट.

हाच हिशोब एका बदलाने फिरतो. दोन्ही व्हीएमसी प्रत्येक शिफ्टला एकाच ऑपरेटरने चालवायच्या, त्याला महिना 6,000 जास्त द्यायचे. तेव्हा 44,000 च्या जागी 12,000 लागतात. पण हे सायकल टाइमवर, म्हणजे एका नगाला लागणाऱ्या वेळेवर, अवलंबून आहे. तुमच्या हाउसिंगचं मशीनिंग बारा मिनिटांचं असेल आणि काढणं, लावणं, डीबर करणं (धारदार कडा साफ करणं), मोजणं तीन मिनिटांत होत असेल, तर एक माणूस दोन मशीन आरामात सांभाळतो. तीन-चार मिनिटांचे छोटे पार्ट असतील तर त्याची नुसती पळापळ होईल आणि रिजेक्शन वाढेल. छोट्या पार्टसाठी एका फिक्स्चरवर दोन-चार नग बसवून सायकल लांबवता येते. मशीन काटकोनात ठेवा, म्हणजे वळलं की दुसऱ्या मशीनचं दार समोर. लेआउटचा विचार फाउंडेशन ओतण्याआधी व्हायला हवा.

दुसरा बदल कर्जाचा. पाच वर्षांऐवजी सात वर्षं मागा आणि 75 ऐवजी 85 टक्के. मशिनरीच्या कर्जात हे मागणं वावगं नाही, दोन-तीन ठिकाणी विचारा. 28.9 लाखांवर सात वर्षांचा हप्ता सुमारे 48,700 येतो. ठरलेला खर्च 68,700 वर उतरतो आणि बरोबरीचे तास 205. मग 270 तासांना महिना एकवीस हजारांवर उरतात. मुदत वाढल्याने व्याज साडेतीन लाखांहून जास्त जातं, हे खरं. पण 1 जानेवारी 2026 पासून मंजूर होणाऱ्या फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या व्यवसाय कर्जावर सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून व्यापारी बँकांना मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क घेता येत नाही. चांगल्या महिन्यात जास्त भरा, वाईट महिन्यात हप्ता लहान राहू द्या. मंजुरीपत्रात दर फ्लोटिंग आहे ना, तेवढं वाचून घ्या.

घर तारण देऊ नका. सीजीटीएमएसई या हमी योजनेत सूक्ष्म आणि लघुउद्योगांना तारणाशिवायच्या कर्जासाठी हमी मिळते. एप्रिल 2025 पासून तिची मर्यादा 10 कोटी आहे. वर्षाला शुल्क पडतं, ते घर अडकवण्यापेक्षा स्वस्त. शाखेत तारण मागायची सवय असते म्हणून ते मागतात. तुम्ही योजनेचं नाव घेऊन लेखी अर्ज द्या.

साडेचार लाखांचं काय, हा प्रश्न उरतो. ते तुमच्या ग्राहकाकडेच पडून आहेत. साडेसहा लाखांच्या 70 टक्के म्हणजे 4.55 लाख, हे त्याचं एका महिन्याचं बिलिंग. पैसे 75 ऐवजी 45 दिवसांनी आले की एका महिन्याची रक्कम एकदाच मोकळी होते, तीही बिनव्याजी. म्हणून बँकेत जाण्याआधी ग्राहकाकडे जा.

तिथे कायदा तुमच्या बाजूने आहे. एमएसएमईडी कायदा 2006 नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, करारात 60 किंवा 75 लिहिले असले तरी. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय 43बी(एच) या कलमाने आणलेली आयकराची तरतूद 2024 पासून लागू आहे: मुदतीत न दिलेल्या बिलाची वजावट ग्राहकाला पैसे देईल त्या वर्षीच मिळते. त्यांच्या अकाउंट्स विभागाला हे माहीत असतं, पण तुम्ही सूक्ष्म आहात हे माहीत नसतं. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक (लघुउद्योग नोंदणीचा) छापा आणि प्रमाणपत्राची प्रत ई-मेल करा. थेट सरकारी पोर्टलवर थकबाकीची तक्रार टाकायची गरज नाही. 70 टक्के काम देणाऱ्याशी भांडण कोणाला परवडतं? त्यांची उलाढाल 250 कोटींहून जास्त असेल, तर ट्रेड्सवर (बिलांचे पैसे बँकांकडून लवकर मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर) नोंदणी करणं त्यांना बंधनकारक आहे. तिथे त्यांनी बिल मान्य केलं की बँक तुम्हाला काही दिवसांत पैसे देते, आणि ग्राहकाने नंतर बुडवले तरी तुमच्याकडे मागत नाही. आरएक्सआयएल, एम1एक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट या ट्रेड्सच्या मंचांपैकी ते कुठे आहेत, एवढंच विचारा.

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी मागा. तोंडी शब्दाऐवजी ओपन पर्चेस ऑर्डर (ठरलेल्या दराने सतत काम देण्याची लेखी ऑर्डर) आणि तीन महिन्यांचं शेड्यूल. आणि फिक्स्चरचा खर्च टूलिंग कॉस्ट म्हणून त्यांच्याकडून. अशी पद्धत आहे, फिक्स्चर मग त्यांच्या मालकीचं राहतं. काम खरंच दुप्पट द्यायचं असेल तर ते कागदावर द्यायला अडचण यायची नाही. टाळाटाळ झाली तर मशीन थांबवा, दुसरा ग्राहक शोधा.

एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. एफडीच्या 90 टक्क्यांपर्यंत मिळतो, व्याज एफडीच्या दराहून साधारण एक-दोन टक्के जास्त आणि फक्त वापरलेल्या रकमेवर. 85 टक्के कर्जानंतर तुमच्याकडून 11.22 लाख लागतील. त्यातला 6.12 लाखांचा जीएसटी परत येणारा आहे. तुम्ही सध्या दरमहा साधारण 80,000 जीएसटी रोखीने भरत असाल, तर मशीनवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वापरून ते भरावे लागणार नाहीत, आणि साडेसात-आठ महिन्यांत रक्कम वसूल होते. ते 80,000 दर महिन्याला ओव्हरड्राफ्टमध्येच टाका. मशीनचं बिल जीएसटीआर-2बी मध्ये (पोर्टलवरच्या क्रेडिटच्या विवरणात) दिसतंय का, हे पहिल्याच महिन्यात तपासा, आणि जीएसटीच्या रकमेवर घसारा घेऊ नका, नाहीतर क्रेडिट जातं.

या सगळ्याआधी आजच्या व्हीएमसीचा टायमर बघा. फॅनक कंट्रोलरवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर) टायमर स्क्रीनमध्ये ऑपरेटिंग टाइम आणि कटिंग टाइम दिसतो. चार आठवडे दर शिफ्टला तो आकडा वहीत लिहायला लावा. 400 पैकी 220 तासच चालत असेल, तर जॉब बदलताना फिक्स्चर सेट करण्यात आणि पहिला नग तपासायला इन्स्पेक्टरची वाट बघण्यात किती वेळ जातो ते शोधा. तिथून 50 तास निघाले तर महिना जवळपास 17 हजार, एकही रुपया कर्ज न काढता. शिवाय जुनं मशीन 220 वर अडकलंय तर नवंही तिथेच अडकेल, कारण माणसं आणि सवयी त्याच.

डीलर महिनाअखेरची सूट सांगून अ‍ॅडव्हान्स मागेल. कर्जाचं मंजुरीपत्र आणि ग्राहकाची ऑर्डर हातात येईपर्यंत देऊ नका. पुढच्या महिनाअखेरीलाही सूट असतेच. मशीन सप्टेंबरअखेर चालू झालं तर पूर्ण वर्षाचा 15 टक्के घसारा मिळतो, वापर 180 दिवसांहून कमी झाला तर निम्मा. लोडवाढीचा अर्ज मात्र या आठवड्यातच टाका, कारण मशीन येऊन वीज नसली तरी हप्ता थांबत नाही.