पुढचं चाक बसत नसेल तर ठोकून बसवू नका

तुमची पोस्ट वाचली आणि माझा हात आपोआप मनगटावर गेला. पाच मित्र, वाईजवळ दोन दिवस मुक्काम, एमटीबीचा (डोंगरात चालवायच्या माउंटन बाइकचा) सराव, सगळ्या सायकली चाकं काढून गाडीत, आणि गेल्या वेळी एकाचं पुढचं चाक डिस्क ब्रेकमधे जाईना म्हणून "शेवटी ठोकून बसवलं". हेल्मेट, ग्लोव्ह्ज, पाणी हे तुम्हाला माहीतच असणार, त्यावर वेळ घालवत नाही. मला त्या ठोकून बसवण्याबद्दलच बोलायचंय.

आधीच सांगते, मी मेकॅनिक नाही, कोच नाही आणि डॉक्टर तर नाहीच. नाशिकला राहते, बरीच वर्षं डोंगरात सायकल चालवतेय, तेवढ्या अनुभवावर लिहितेय.

आम्ही चौघं नोव्हेंबरात इगतपुरीला भावली धरणाकडे गेलो होतो. एका इनोव्हात चार सायकली, पुढची चाकं काढून, मधे जुन्या चादरी. माझ्या सायकलचं हँडल सीटला असं टेकलं होतं की पुढच्या ब्रेकचा लिव्हर नाशिकपासून तिथपर्यंत दाबलेलाच राहिला. चाक काढलेलं असताना हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, ब्रेक दाबला गेला तर मधे डिस्क (चाकावरची धातूची चकती) नसते, त्यामुळे पॅडना ढकलणारे पिस्टन नेहमीपेक्षा जास्त बाहेर येतात, डिस्क पकडणारे दोन्ही पॅड एकमेकांना चिकटतात आणि लिव्हर सोडला तरी तेवढे मागे जात नाहीत. तुमच्या मित्राचं नक्की हेच झालं असणार.

सकाळचे साडेसात, समोर कळसूबाईची रांग उन्हात आलेली, बाकीचे तिघं तयार होऊन उभे, आणि पॅडच्या फटीत माझं नखही जाईना. मी गाडीच्या टूलकिटमधला चपटा स्क्रू ड्रायव्हर फटीत घातला आणि पिरगळला. टक् असा बारीक आवाज झाला. फट पडली, चाक बसलं, मी खूश. तो आवाज पिस्टनला तडा गेल्याचा होता, काही ब्रेकमधे पिस्टन सिरॅमिकचे असतात आणि ते कपबशीसारखे तडकतात हे मला नंतर कळलं. पाच-दहा मिनिटांत कॅलिपरखाली (पॅड आणि पिस्टन ज्यात बसतात तो भाग) तेलाचा ओघळ आणि लिव्हर थेट हँडलला टेकायला लागला.

इथपर्यंत नुकसान पैशाचं होतं. खरी चूक पुढची. मी म्हटलं, मागचा ब्रेक आहे ना, बास झालं, दोन दिवस चालवून घेऊ.

आपल्याला लहानपणापासून एकच सांगितलेलं असतं, पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील. ते डोक्यात इतकं बसलंय की पुढचा ब्रेक नसला तरी चालतो असं वाटायला लागतं. उतारावर सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, थांबवण्याचं बरंचसं काम तेच चाक करतं, मागचं हलकं झालेलं असतं, ते नुसतं लॉक होतं आणि घसरतं. सुट्या मुरमावर तर साबणावरून गेल्यासारखं. दहाच्या सुमारास एका लहानशा उतारावर, खाली वळण होतं, मागचं चाक आडवं गेलं आणि मी उजव्या हातावर आपटले.

जवळच्या गावात एक्स-रे काढला, हाड ठीक आहे, मुरगळलंय, क्रेप बँडेज बांधा म्हणून घरी पाठवलं. पुन्हा दाखवायला या असं एका शब्दाने सांगितलं नाही, याचा मला आजही राग येतो. बारा दिवसांनी नाशिकला परत एक्स-रे काढला तेव्हा मनगटातल्या स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाचं फ्रॅक्चर दिसलं. ते पहिल्या एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही म्हणे. अंगठा ताणून वर केल्यावर त्याच्या मुळाशी जो खड्डा पडतो तिथे दाबून दुखत असेल तर आधीचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी दहा-चौदा दिवसांनी परत दाखवाच. मला आठ आठवडे प्लास्टर होतं, पोळीचा तुकडासुद्धा डाव्या हाताने मोडत होते.

तर, चाक काढलं की लगेच पॅडच्या मधे स्पेसर घाला. नव्या सायकलसोबत प्लॅस्टिकचा छोटा तुकडा येतो तोच, बहुतेक जण फेकून देतात. नसेल तर जाड पुठ्ठ्याची घडी करून घट्ट बसवा. आणि तरीही पॅड चिकटलेच तर पिन काढून पॅड बाहेर घ्या आणि पिस्टन प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने (टायर रिममधून काढायची पट्टी) हळूहळू, सरळ मागे ढकला. धातूचं काहीही आत घालायचं नाही. तेल गळताना दिसलं तर ती सायकल त्या दिवसापुरती बंद, कितीही लांबून आलेले असाल तरी.

अजून एक, गावातल्या बाइकच्या गॅरेजमधे ब्रेक ऑइल भरून घेऊ नका. शिमानो कंपनीच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, मोटरसायकलला डॉट नावाचं वेगळंच, चुकीचं घातलं की सील फुगून सगळा ब्रेक जातो. आमच्या वेळी गॅरेजवाला बाटली उघडून बसला होता, मैत्रिणीने अडवलं म्हणून वाचलो.

सरावाबद्दल माझं मत विचाराल तर बनीहॉप (सायकलसकट उडी मारणं) आणि ड्रॉपचे (उंचावरून खाली उतरणं) व्हिडिओ राहू देत, पहिली अख्खी सकाळ सपाट मैदानावर फक्त पुढच्या ब्रेकला द्या. एक बोट लिव्हरवर, पेडल समांतर, उभं राहून टाचा खाली, कोपरं वाकलेली, कंबर मागे, आणि जमिनीवर रेघ मारून तिथे थांबायचं. ब्रेक झटक्यात नाही, पिळत गेल्यासारखा वाढवत न्यायचा. भीती जाते हो, खरंच जाते, मी प्लास्टर निघाल्यावर गंगापूर रोडच्या एका मोकळ्या प्लॉटवर हेच रोज करत होते. मग तेच हलक्या उतारावर. सायकली अदलाबदल करणार असाल तर आधी लिव्हर तपासा, अमेरिकेहून आणलेल्या सायकलला पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो.

हवा पेट्रोल पंपावर भरू नका, दगडासारखे टायर मुरमावर पकड घेत नाहीत. मी ट्यूब घालून २८-३० पीएसआय ठेवते, वजन साठच्या आसपास. तुमचं वजन जास्त असेल तर थोडी वाढवा. सराट्यांसाठी माणशी दोन जादा ट्यूब.

तुमच्या मित्राच्या ब्रेकवर कंपनीचं नाव आणि मॉडेल छापलेलं असेल ते इथे लिहा, कॅलिपरचा फोटोही टाका. ठोकून बसवलंय म्हणता, तर निघायच्या आधी पॅड काढून पिस्टन बघून घेतलेले बरे.