कॅम्पर व्हॅनची कपाटं: महाग प्लायवुडसाठी राखीव पैसे मोडावेत का?

कॅम्पर व्हॅनमध्ये, म्हणजे आत राहता येईल अशा गाडीत, कपाटं करून घेण्यासाठी तुम्ही दिलेला अंदाज असा: पार्टिकल बोर्डाचं (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचं) साहित्य १०० धरलं तर मजुरीही १००. मरीन प्लायवुड आणि चांगलं हार्डवेअर घेतलं की साहित्य १७० वर जातं. वरचे ७० आणीबाणीच्या निधीतून काढायचा तुमचा विचार आहे.

साहित्य ७० टक्क्यांनी महागलं, तरी मजुरी तीच राहते. एकूण खर्च २०० चा २७० होतो, म्हणजे वाढ ३५ टक्केच. पार्टिकल बोर्ड खराब झाला तर मात्र साहित्य आणि मजुरी मिळून पुन्हा २००, तोडफोड वेगळी. आणि सिंकखाली, कापलेल्या कडांवर तो ओलावा पिऊन फुगतोच. हादऱ्यांनी स्क्रूची भोकं मोठी होतात. भुसा सुटला की स्क्रू तिथे पुन्हा धरत नाही. त्यामुळे व्हॅन पाच-सहा वर्षं वापरणार असाल तर प्लायवुडच स्वस्त पडतं. वर्षा-दोन वर्षांत विकणार असाल तर नाही. कपाटांवर घातलेले पैसे विक्रीत पूर्ण वसूल होत नाहीत.

वजनही पाहा. ८ बाय ४ फुटांचा १८ मिमी एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड) साधारण ४० किलो भरतो, १२ मिमी बर्च प्लायवुड २४ च्या आसपास. १०० लिटर पाणी म्हणजेच १०० किलो, आणि गाडीची भारक्षमता ठरलेली असते. सांगाडा १२ मिमीचा पुरतो, मात्र सांध्यांना स्क्रूसोबत गोंद हवाच. मरीन प्लायवुडच्याही कापलेल्या कडा बसवण्याआधी इपॉक्सीने बंद करून घ्या.

काटकसर दर्शनी लॅमिनेटमध्ये करा, सॉफ्ट-क्लोज बिजागऱ्या सोडून द्या. त्या दार हळू लावतात, वळणावर धरून ठेवत नाहीत. साध्या मॅग्नेटचाही भरवसा नको. प्रत्येक शटरला पुश-बटन लॉक आणि ड्रॉवरला लॉक होणारं चॅनेल, यांत कसूर नको: भांड्यांनी भरलेला ड्रॉवर ब्रेक लागताच बाहेर येतो, आणि समोर माणसं बसलेली असतात.

आणीबाणीच्या निधीला मात्र हात लावू नका, कर्जही नको. व्हॅनची किंमत सहसा दरवर्षी उतरते, आणि इंजिनाचं मोठं काम निघालं तर हाच निधी लागेल. सध्या सिंकचं आणि जमिनीलगतचं एक कपाट उत्तम साहित्यात करा. छताजवळची कपाटं महिन्याच्या बचतीतून पुढे होतील. तोवर तिथे कापडी कप्पे चालतात. फक्त त्या कपाटांचे एम६ (६ मिमी) बोल्टचे थ्रेडेड इन्सर्ट, म्हणजे बोल्ट फिरवून बसवायच्या आट्यांच्या धातूच्या नळ्या, भिंतीचं पॅनेल लावण्याआधीच बसवून ठेवा, म्हणजे नंतर पॅनेल काढायची मजुरी लागणार नाही.